न्हाल्यानंतरही केस तेलकट का दिसतात?

केस धुऊन वाळवले की ते मोकळे व हलके व्हावेत, एवढीच आपली साधी अपेक्षा असते. परंतु परदेशात घर थाटल्यानंतर अनेक कुटुंबांना याच्या अगदी उलट अनुभव येतो. केस नुकतेच धुतलेले असतात, तरी ते चिकट, जड आणि तेल चोपडल्यासारखे दिसतात. मग दोष कधी तेलाला दिला जातो, कधी त्या मुलीच्या आळसाला. आमच्या घरी हे दोन्ही दोष देऊन झाले. दोन्ही चुकीचे होते, हे समजण्यास जवळजवळ तीन महिने लागले.

आम्ही चार वर्षे मँचेस्टरला राहिलो आणि त्यानंतर नोकरीनिमित्त लंडनच्या पश्चिमेकडील एका उपनगरात आलो. मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती आणि नव्या माध्यमिक शाळेत जाऊ लागली होती. त्याच सुमारास माझ्या सासूबाई नागपूरहून काही महिन्यांसाठी आल्या. शनिवारी रात्री आजीने नातीच्या केसांना खोबरेल तेल लावायचे आणि रविवारी सकाळी नागपूरहून आणलेल्या शिकेकाईच्या साबणाने तिला न्हाऊ घालायचे, असा क्रम सुरू झाला. मँचेस्टरलाही आम्ही हेच तेल आणि हाच साबण वापरत होतो. तेथे कधी तक्रार उद्भवली नव्हती. येथे मात्र महिन्याभरातच तिच्या डोक्याच्या मागील बाजूचे केस एकमेकांना चिकटू लागले. कंगव्याच्या दातांत राखाडी, मेणासारखा मळ साचू लागला.

एके दिवशी वर्गातील एका मुलीने तिला विचारले, ‘तू केस धूत नाहीस का?’ बाकीच्या हसल्या. घरी येऊन तिने आम्हाला विचारले, ‘आई, आपण अस्वच्छ आहोत का?’ आपल्या मागील पिढ्यांनी हा शब्द केवळ अंगावरच्या मळाविषयी ऐकलेला नाही. त्यामुळे लेकीच्या तोंडून तो ऐकताना घरातील मोठी माणसे काही काळ निरुत्तर झाली. तिने मात्र स्वतःपुरता निर्णय घेतला. ती रोज, कधी दिवसातून दोनदा, त्याच साबणाने केस धुऊ लागली आणि आजीला तेल लावू देईनाशी झाली. केस अधिकच चिकट झाले. आजीने काही न बोलता तेलाची बाटली आपल्या पिशवीत ठेवून दिली.

उलगडा झाला तो स्वयंपाकघरात. तुरीची डाळ कुकरच्या नेहमीच्या शिट्ट्यांत शिजत नाही, म्हणून मी कुरकुरत होते. सासूबाईंनी किटलीच्या तळाशी साचलेला पांढरा थर बोटाने खरवडून पाहिला आणि म्हणाल्या, ‘अगं, हे पाणी जड आहे. आमच्या विहिरीचं असंच होतं. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही, त्या पाण्यात साबण कसा निघंल?’

आपण शाळेत सुफेन आणि दुष्फेन पाण्याचा धडा वाचलेला असतो. सासूबाईंचे वाक्य म्हणजे तोच धडा होता. मँचेस्टरला १८९४ पासून लेक डिस्ट्रिक्टमधील थर्लमियर जलाशयाचे पाणी येते. ते कठीण खडकांवरून वाहत आलेले पावसाचे पाणी असल्याने त्यात क्षार अल्प असतात. लंडन आणि आग्नेय इंग्लंडचे पाणी खडू व चुनखडीच्या थरांतून झिरपते आणि कॅल्शियमचे क्षार विरघळवून सोबत आणते. साबण हे मेदाम्लांचे सोडियमलवण असते. दुष्फेन पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्याशी त्याचा संयोग झाला की न विरघळणारा साका तयार होतो. न्हाणीघरातील टबाच्या कडेला जी राखाडी रेघ दिसते ती त्याचीच. हाच साका केसांवर बसतो, तेलाचा अंश व धूळ धरून ठेवतो आणि केस तेलकट दिसू लागतात. अशा वेळी त्याच साबणाने पुन्हा धुणे म्हणजे एका थरावर दुसरा थर चढवणे होय.

येथे शिकेकाई आणि शिकेकाईचा साबण यांत भेद करणे आवश्यक आहे. शिकेकाई व रिठा यांचा फेस सॅपोनिन या द्रव्यांमुळे येतो आणि त्यांचा कॅल्शियमशी साबणासारखा साका बनत नाही. वडी मात्र शिकेकाई घातलेली असली तरी मुळात साबणच असते. वेष्टनावर सोडियम पामेट किंवा सोडियम कोकोएट अशी नावे असतील तर तो साबण आहे, असे समजावे. बाजारातील बहुतेक शाम्पूंमध्ये सोडियम लॉरेथ सल्फेटसारखी द्रव्ये असतात. ती दुष्फेन पाण्यातही असा साका धरत नाहीत.

मात्र प्रत्येक घरातील कारण पाणी हेच असेल असे नाही. कंडिशनरमधील काही द्रव्ये धनभारित असतात आणि ऋणभारित केसाला चिकटून राहतात. त्यांचे काम तेच आहे. त्यांत डायमेथिकोनसारखे सिलिकोन असेल तर तेही पाण्याने निघत नाही. असे कंडिशनर टाळूला चोळले, तर मुळाशी केस जड होतात. ते केसांच्या खालच्या अर्ध्या भागालाच लावावे. दुसरे कारण थंडीचे आहे. खोबरेल तेल सुमारे २४ अंश सेल्सिअसला गोठते. नागपुरात जे तेल बहुतेक वर्षभर पातळ असते, ते येथील हिवाळ्यात बाटलीत दगडासारखे होते आणि गार केसांवरही घट्ट होऊन बसते. तिसरे कारण वयाचे आहे. पौगंडावस्थेत संप्रेरकांमुळे टाळूतील तैलग्रंथी अधिक स्रवू लागतात. बाराव्या-तेराव्या वर्षी केस लवकर तेलकट होणे हा कोणाचा दोष नव्हे.

म्हणून उपायापूर्वी कारण शोधावे. केवळ मुळाशी तेलकटपणा असेल, तर टाळूचे तेल किंवा कंडिशनर यांचा संशय घ्यावा. केस टोकापर्यंत चिकट असतील आणि नखाने खरवडल्यास पांढुरका मेणचट थर निघत असेल, तर साका असण्याची शक्यता अधिक. केवळ मागील बाजूस चिकटपणा असेल, तर तेथवर पाणी व बोटे पोहोचतच नाहीत, हे बहुधा साधे कारण असते. पाणी पुरवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर पोस्टकोड टाकल्यास पाण्याची कठिणता समजते. लिटरमागे २०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम कार्बोनेट असल्यास ते दुष्फेन समजतात.

आमच्या घरी साबणाची वडी बाजूला ठेवल्यावर आम्ही पुढील क्रम स्वीकारला. प्रथम क्लॅरिफाइंग शाम्पूने केस दोनदा धुतले. त्यातील घटकांत ईडीटीए आहे ना, हे पाहून घेतले, कारण ते द्रव्य कॅल्शियमला बांधून ठेवते. असा शाम्पू केस कोरडे करतो, त्यामुळे तो आता महिन्यातून एकदाच वापरतो. एरवी साधा शाम्पू पुरतो. तेल लावलेले असेल तेव्हा केस भिजवण्यापूर्वीच थोडा शाम्पू तेलावर चोळतो, मग थोडे थोडे पाणी घेऊन फेस करतो, धुतो आणि पुन्हा एकदा शाम्पू लावतो. मान खाली घालून डोक्याची मागील बाजू कोमट पाण्याने नीट खळबळून काढतो. शेवटचा तांब्या उकळून निववलेल्या पाण्याचा असतो. उकळल्याने पाण्यातील कठिणतेचा मोठा भाग किटलीच्या तळाशीच राहतो.

शॉवरला बसवण्याची गाळणी घेण्यापूर्वी विचार करावा. अशा बहुतेक गाळण्या क्लोरीन कमी करतात, कठिणता काढत नाहीत. त्यासाठी आयन-विनिमयाचे यंत्र लागते आणि ते खर्चिक असते. घरगुती उपाय म्हणून अर्धा लिटर पाण्यात एक मोठा चमचा व्हिनेगर घालून केसांवर ओतता येते. त्याने साका फुटतो, परंतु त्यातून मोकळी झालेली मेदाम्ले काढण्यासाठी त्यानंतर शाम्पू लावणे आवश्यक आहे. डोळ्यांत जाऊ देऊ नये आणि टाळूवर जखम असल्यास हा उपाय करू नये.

टाळूला खाज, लाली आणि पिवळसर, तेलकट पापुद्रे असतील, तर मात्र हा धुण्याचा प्रश्न राहत नाही. तो सेबोऱ्हिक डर्मटायटिस असू शकतो. त्यात तेल लावणे थांबवावे आणि औषधविक्रेत्याचा किंवा जीपींचा सल्ला घ्यावा. त्यावर केटोकोनॅझोलयुक्त शाम्पू मिळतो.

तेलाची बाजूही मांडणे न्याय्य ठरेल. २००३ साली मुंबईतील दोन संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज या तेलांची तुलना प्रसिद्ध केली. त्यांत केवळ खोबरेल तेलाने केसांतील प्रथिनांची झीज लक्षणीयरीत्या घटलेली आढळली. हे संशोधक केशतेल बनवणाऱ्या कंपनीतील होते, हे ध्यानात ठेवूनही आजीची सवय निराधार नव्हती, असे म्हणता येते. चूक एवढीच होती की पाणी बदलले आणि आम्ही साबण बदलला नाही.

तिसऱ्या आठवड्यात मुलीचे केस पूर्वीसारखे मोकळे झाले. तिने बाटलीत नळाचे पाणी आणि साबणाचा किस घालून हलवले. फेसाऐवजी वर तरंगणारा पांढरा साका तिने शाळेत विज्ञानाच्या तासाला नेऊन दाखवला. त्या शनिवारी तिने स्वतःहून आजीच्या पिशवीतून तेलाची बाटली काढली, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवली आणि तेल पातळ झाल्यावर आजीपुढे पाठमोरी बसली. म्हणाली, ‘आजी, थोडंच लाव हं.’ आजीने थोडेच लावले.