तहाने दिलेले आणि तहानेच गिळलेले राज्य

ज्या राज्याची फौज आणि महसूल दुसऱ्याच्या मर्जीवर चालतात, त्याला स्वतंत्र परराष्ट्रसंबंध ठेवता येत नाहीत आणि पुढे स्वतःचा बचावही करता येत नाही, हे सातारच्या राज्याच्या तीस वर्षांच्या इतिहासातून स्पष्ट होते.

फेब्रुवारी १८१८ मध्ये अष्टीच्या लढाईत छत्रपती प्रतापसिंह ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आले आणि २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने त्यांना सातारचे राज्य देण्यात आले. मात्र मुलखाचे रक्षण कंपनीने स्वतःकडे ठेवले आणि साताऱ्यात रेसिडेंट, म्हणजे आपला राजकीय प्रतिनिधी, बसवला. परक्या सत्तांशी परस्पर पत्रव्यवहार करण्यास महाराजांना मनाई होती. राज्याबाहेरच्या घराण्यांशी सोयरिकीची बोलणीसुद्धा याच प्रतिनिधीमार्फत व्हावीत, असे तहात नमूद होते आणि या अटीचा भंग झाल्यास तहाने मिळालेले सारे लाभ जातील, अशी तंबीही होती.

औंध, भोर, फलटण, जत, अक्कलकोट अशा जहागिरींना कंपनीची हमी असल्याने तेथील उत्पन्न महाराजांच्या हातात नव्हते, आणि त्या जहागिरींवरील हक्कावरूनच कंपनीशी तंटा वाढत गेला. १८३५ मध्ये कंपनीच्या लंडनमधील संचालक मंडळाने ज्यांच्या कारभाराची प्रशंसा करून तलवार देऊ केली, त्याच प्रतापसिंहांवर गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा आणि कंपनीचे शिपाई फितवल्याचा आरोप आला; कबुलीपत्रावर सही करण्यास त्यांनी बाणेदारपणे नकार दिला, तेव्हा १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला धाडण्यात आले. आरोप करणारा, चौकशी करणारा आणि शिक्षा ठोठावणारा पक्ष एकच होता, आणि दाद मागायला तिसरी सत्ता तहानेच उरू दिली नव्हती.

म्हणून महाराजांचे वकील रंगो बापूजी गुप्ते यांनी लंडनमध्ये वर्षानुवर्षे चालवलेली कैफियत व्यर्थ ठरली. ५ एप्रिल १८४८ रोजी प्रतापसिंहांच्या जागी गादीवर बसवलेले त्यांचे बंधू शहाजी वारले, तेव्हा मुंबईचे गव्हर्नर क्लार्क यांचा विरोध डावलून गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीने शहाजींचा दत्तक नामंजूर केला आणि राज्य खालसा, म्हणजे कंपनीच्या मुलखात विलीन, केले. शेजारच्या सांगलीची पटवर्धनी जहागीर मात्र कंपनीचे वर्चस्व पत्करून १९४८ पर्यंत संस्थान म्हणून टिकली.

कर्ज, शस्त्रे आणि संरक्षण यांसाठी एकाच बलाढ्य मित्रावर विसंबणाऱ्या आजच्या दुर्बल राष्ट्रांनीही ध्यानात घ्यावे, की करारातील हमीइतकेच महत्त्व वाद झाल्यास निवाडा कोण करणार, या कलमाला असते.