नदीवर सहलीला जाताय? आधी पाण्याची वेळ विचारा



धुणं धुवायला, पाणी भरायला, गौरी-गणपती बोळवायला आपण जन्मभर नदीवर जातो. पण मौजेसाठी जायचं म्हटलं, की घरात पहिला प्रश्न येतो, "बायकांना कशाला हवंय ते?" आमच्या बचत गटातही आला. तरी मागच्या फेब्रुवारीत आम्ही अकरा जणी रायगड जिल्ह्यात कोलाडला जाऊन आलो. एक रात्र तंबूत राहिलो, डोंगर चढलो, कयाक चालवली. कयाक म्हणजे एकीदोघींपुरती अरुंद, हलकी नाव. तिचं वल्हं दोन्ही टोकांना पसरट असतं. एकदा डावीकडे मारायचं, एकदा उजवीकडे.

त्या सहलीतली एक गोष्ट तुम्हाला सांगायचीच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कुंडलिका नदीच्या पात्रात, सपाट खडकांवर डबे उघडून बसलो होतो. पाणी घोट्याएवढं, आभाळ निरभ्र. शेजारी गावातल्या एक मावशी धुणं धूत होत्या. त्यांनी एकदम धुण्याचं बोचकं उचललं आणि हाक मारली, "बायांनो, वर या. पाणी सुटायची वेळ झाली." आम्हाला हसू आलं. पाऊस कुठे होता? पण मावशींच्या आवाजात काहीतरी होतं. डबे गोळा करून आम्ही काठ चढलो. थोड्या वेळाने मागे पाहिलं, तर आमचे खडक पाण्याखाली गेले होते.

हे पाणी आलं कुठून? पुणे जिल्ह्यातल्या मुळशी धरणाचं पाणी मोठ्या नळांतून घाटाखाली भिऱ्याला उतरतं. तिथे त्यावर वीज तयार होते आणि मग ते कुंडलिकेत येतं. खरं तर मुळा नदीचं हे पाणी भीमा, कृष्णा करत पूर्वेच्या समुद्राला जायचं. ते वळून पश्चिमेला येतं. म्हणूनच कोकणातल्या कितीतरी नद्या उन्हाळ्यात आटतात, तेव्हाही इथे राफ्ट चालतात. पण ही नदी पावसावर नाही, पाणी सोडण्यावर वाढते. धरणाखालच्या कुठल्याही नदीला हेच लागू आहे. म्हणून उतरण्याआधी गावातल्या माणसांना आणि सहल नेणाऱ्याला विचारा, "पाणी कधी सुटतं?" भोंगा वाजला, किंवा स्वच्छ पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पालापाचोळा वाहून येऊ लागला, तर सामान राहू द्या आणि आधी वर चढा. पावसाळ्यात तर आपल्या डोक्यावर ऊन असलं, तरी घाटात कोसळलेला पाऊस खाली लोंढा आणतो. त्या दिवसांत पात्रात उतरूच नका.

तंबू ठोकतानाही हेच बघा. वाळूची जागा मऊ असते, मोह होतो. पण काठच्या झुडपांत पालापाचोळा, प्लास्टिक अडकलेलं दिसलं, तर तिथवर पाणी येऊन गेलेलं आहे. तंबू त्याच्याही बराच वर हवा. शौचाला नदीपासून किमान सत्तर-ऐंशी पावलं लांब जा आणि वापरलेले पॅड कागदात गुंडाळून परत घरी आणा. खालच्या गावाला तेच पाणी भरायचं असतं.

नावेत बसायचं तर लाइफ जॅकेट हवंच, पोहता येत असलं तरी. आपलं अंग पाण्यात जवळजवळ तरंगतंच. नाकतोंड वर राहायला थोडाच आधार लागतो, तो जॅकेट देतं. पण ते घट्ट हवं. सगळे पट्टे लावा आणि मैत्रिणीला खांद्याजवळ धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत आलं, तर ते सैल आहे. साडी नको, ओली झाली की पायांना गुंडाळते. सलवार किंवा ट्रॅक पँट घाला. आमच्यातल्या साठीच्या काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा पँट घातली. त्या म्हणाल्या, "अगं, यात चालायला किती बरं!"

वाहत्या पाण्यात पडलात, तर उभं राहायची धडपड करू नका. पाय दगडात अडकला, की पाणी अंगावर दाबतं. उताणं व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने, बोटं पाण्याच्या वर, आणि हातांनी काठाकडे सरका.

कुणी बुडत असेल, तर मागे उडी टाकू नका. घाबरलेलं माणूस वाचवणाऱ्याच्या गळ्याला मिठी मारतं आणि दोघंही जातात. काठावर पालथं पडून बांबू पुढे करा, दोर किंवा साडी फेका, झाकण लावलेला रिकामा कॅन फेका. त्याच वेळी दुसरीने ११२ नंबर लावावा.

डोंगर चढताना सगळ्यात हळू चालणारीला पुढे ठेवा, म्हणजे कुणी मागे सुटत नाही. वाट माहीत असलेली एक तिच्याबरोबर, आणि एक खंबीर बाई सर्वांत शेवटी. निघताना आणि परतताना डोकी मोजा.

आणि घरच्या प्रश्नाचं काय? आम्ही कुठे जाणार, कुणाबरोबर, परत कधी येणार, हे सगळं कागदावर लिहून प्रत्येक घरी दिलं. नाही म्हणणाऱ्यांचा अर्धा विरोध त्या कागदानेच गेला.

तुमच्या गावाच्या नदीवर धुणं धुणारी अशी एखादी मावशी असेलच. तिला विचारा. नदी तिला आपल्यापेक्षा जास्त कळते.

भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.