बायपासनंतर सात मॅरेथॉन

बायपास शस्त्रक्रिया होऊन घरी गेलेल्या रुग्णाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. 'डॉक्टर, जिना चढू का?' रुग्णापेक्षा घरातली मंडळी जास्त घाबरलेली असतात. पाण्याचा तांब्यासुद्धा हातात आणून देतात आणि बिचारा माणूस सहा महिने आरामखुर्चीत बसून खरोखरच आजारी होतो. अशा घरांत मी एका इंग्रज गृहस्थांची गोष्ट सांगतो. मात्र ती अर्धवट ऐकली तर घातक ठरेल, म्हणून आज ती पूर्ण सांगणार आहे.

सर रॅनल्फ फाइन्स यांचा जन्म 1944 चा. वडील सैन्याधिकारी होते. मुलाच्या जन्माच्या काही महिने आधीच, 1943 साली, इटलीच्या आघाडीवर झालेल्या जखमांनी ते वारले. मुलगाही मोठा होऊन वडिलांच्याच पलटणीत, रॉयल स्कॉट्स ग्रेजमध्ये दाखल झाला. पुढे एस.ए.एस. या निवडक दलात त्यांची निवड झाली, पण तिथून त्यांना काढून टाकण्यात आले. एका सुंदर खेड्यात चित्रपट कंपनीने चित्रीकरणासाठी बांध घातला होता आणि तो स्फोटकांनी उडवण्याच्या उद्योगात हे सामील होते! नंतर ओमानच्या सुलतानाच्या सैन्यात त्यांनी लढाई केली, शौर्यपदकही मिळवले. सैन्य सोडल्यावर मोहिमा हाच पेशा झाला. 1979 ते 1982 या तीन वर्षांत त्यांनी दोन्ही ध्रुवांवरून, जमीन, समुद्र आणि बर्फ यांवरूनच, पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. ही कल्पना मूळची त्यांच्या पत्नीची, व्हर्जिनिया यांची. पुढच्या मोहिमांतून त्यांनी धर्मादाय संस्थांसाठी कोट्यवधी रुपयांच्या मोलाचा निधी उभा केला.

आहारशास्त्राच्या दृष्टीने त्यांची 1992-93 ची मोहीम फार बोधप्रद आहे. फाइन्स आणि डॉ. माइक स्ट्राउड हे दोघेच अंटार्क्टिका खंड पायी ओलांडायला निघाले. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारासाठी निधी जमवायचा होता. प्रत्येकाच्या मागे दोनशे किलोंहून अधिक वजनाची घसरगाडी. रोजचे खाणे सुमारे साडेपाच हजार उष्मांकांचे, त्यात निम्म्याहून जास्त स्निग्ध पदार्थ. कष्टकरी माणसाला रोज साधारण तीन हजारांच्या आसपास लागतात, म्हणजे हे भरपूरच म्हणायचे. पण स्ट्राउड यांनी मोजमाप केले तेव्हा काही दिवशी खर्च दहा हजारांच्याही वर गेलेला दिसला. दोघेही वीस-वीस किलोंहून जास्त वाळले. चरबी संपली की शरीर स्वतःचे स्नायू जाळू लागते, त्याचेच हे उदाहरण. खंड ओलांडून झाला, पण पुढच्या बर्फाच्या पठारावर त्यांना थांबावे लागले.

2000 साली ते एकटेच उत्तर ध्रुवाकडे निघाले होते. वाटेत घसरगाडी पाण्यात पडली. ती ओढून काढताना डाव्या हाताची बोटे बर्फासारख्या पाण्यात बुडाली आणि हिमदंशाने बोटांची टोके काळी पडली. शल्यचिकित्सकाने काही महिने थांबायला सांगितले. त्याचे कारण आहे. मेलेला भाग आणि जिवंत भाग यांच्यातली सीमा स्पष्ट व्हायला वेळ लागतो. घाई केली तर वाचू शकणारे बोटही जाते. या गृहस्थांना धीर निघेना. ठणका सोसवेना, तेव्हा घरच्या छपरीत बसून बारीक करवतीने त्यांनी स्वतःच ती टोके कापून टाकली. या धाडसाचे पुष्कळांना कौतुक वाटते. मला वाटत नाही. पायाचे कुरूप किंवा काळे पडलेले बोट घरी ब्लेडने कापणारे मधुमेही मी पाहिले आहेत, आणि त्यांतल्या काहींचा पुढे पाय गेला. फाइन्स यांचे निभावले, एवढेच.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. 7 जून 2003 रोजी, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, ब्रिस्टल विमानतळावर विमान सुटण्यापूर्वीच ते कोसळले. हृदयविकाराचा झटका! ज्या माणसाने आयुष्यभर व्यायाम केला, त्याला. 'मी रोज पाच किलोमीटर चालतो, मला काय होणार?' म्हणणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे. व्यायामाने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. अशा वेळी हृदयाचे ठोके विस्कटतात, हृदय नुसते थरथरते, मेंदूला रक्त पोहोचत नाही. विजेचा झटका देऊन ठोके पूर्ववत करणारे यंत्र विमानतळावर हाताशी होते, म्हणून ते वाचले. तीन दिवस ते बेशुद्ध होते. दोन ठिकाणी बायपास करावी लागली. आपल्याकडे असे यंत्र सर्वत्र नाही. म्हणून कोणी कोसळला आणि श्वास थांबला, तर लगेच 108 ला फोन करावा. मदत येईपर्यंत छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोराने, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबत राहावे. कांदा हुंगवण्यात, तोंडात पाणी ओतण्यात एक मिनिटही घालवू नये.

साडेचार महिन्यांनी, 26 ऑक्टोबरला, हेच गृहस्थ स्ट्राउड यांच्याबरोबर पॅटागोनियात धावू लागले. पुढे फॉकलंड बेटे, सिडनी, सिंगापूर, लंडन, कैरो आणि शेवटी न्यूयॉर्क. सात दिवसांत सात मॅरेथॉन, प्रत्येकी सुमारे बेचाळीस किलोमीटर! निधी गेला ब्रिटिश हार्ट फाउंडेशनला. सर्वांत त्रास झाला सिंगापुरात. दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही, त्वचेकडे रक्त पाठवता पाठवता हृदयाची दमछाक होते. आपल्या किनारपट्टीवर मे महिन्यात दुपारी फिरायला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

शल्यचिकित्सकाने परवानगी देताना अट घातली होती, नाडी मिनिटाला 130 च्या वर जाऊ द्यायची नाही. फाइन्स यांनी नंतर सांगितले, नाडी मोजायचे यंत्र बरोबर घ्यायलाच ते विसरले होते! वाचायला गंमत वाटते. माझ्या रुग्णाने असे केले तर मी त्याच्यावर ओरडेन. शिवाय त्यांच्यासोबत धावणारा माणूस स्वतः डॉक्टर होता, हेही विसरू नये. बायपासमध्ये कापलेले छातीचे हाड सांधायला दोन-तीन महिने जातात. तोवर जड उचलू नये. चालणे मात्र पहिल्या आठवड्यापासूनच, थोडे थोडे वाढवत. आणि हो, जिना चढावा. सावकाश, मध्ये थांबत, छातीत दुखले तर तिथेच थांबून.

फाइन्सही थांबायला शिकले. 2005 मध्ये एव्हरेस्टच्या शिखरापासून सुमारे तीनशे मीटर खाली असताना छातीत दुखू लागले. शिखर जवळ होते, तरी ते परत फिरले. 2008 मध्येही थकव्यामुळे परतले. मे 2009 मध्ये, पासष्टाव्या वर्षी, ते माथ्यावर पोहोचले. त्या वेळचा निधी मेरी क्युरी या संस्थेसाठी होता. व्हर्जिनिया 2004 च्या फेब्रुवारीत, मॅरेथॉननंतर चारच महिन्यांत, जठराच्या कर्करोगाने गेल्या होत्या. आयुष्याच्या अखेरीस असलेल्या रुग्णांच्या घरी जाऊन रात्रभर उशाशी बसणाऱ्या परिचारिका ही संस्था पाठवते.