दात खाण्याची सवय : कारणे आणि उपचार

आपल्या संघाच्या स्मरणिकेत व्यापार, करव्यवस्था व बाजारभाव यांवरील लेख दरवर्षी असतात. त्यांच्या जोडीला आरोग्यविषयक एखादा लेख असावा, अशी अनेक सभासदांची सूचना होती. त्यानुसार यंदा आम्ही असा विषय घेतला आहे की, जो बहुतेक घरांत ठाऊक असतो, परंतु ज्याचा गंभीरपणे विचार क्वचितच होतो. तो विषय म्हणजे झोपेत दात खाणे व जागेपणी जबडा आवळून धरणे.

दातावरील पांढरे आवरण, ज्यास दंतवल्क म्हणतात, हा मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ होय. तथापि त्याची एक मोठी उणीव आहे. हाड मोडले तर जुळते, कातडी फाटली तर भरून येते; परंतु दंतवल्क एकदा झिजले की शरीर ते पुन्हा घडवीत नाही. व्यापार्‍याच्या भाषेत सांगावयाचे तर हे असे भांडवल आहे की, ज्यात भर कधीच पडत नाही. जी होते ती केवळ घट. म्हणून या घटीचे कारण वेळीच ओळखणे व योग्य तो उपचार निवडणे अगत्याचे आहे.

एका नावाखाली दोन विकार

देवास नगरात ज्याप्रमाणे थोरली व धाकटी अशा दोन पाती १९४८ साली मध्यभारतात विलीन होईपर्यंत एकाच गावात शेजारी शेजारी नांदत होत्या, त्याचप्रमाणे ‘दात खाणे’ या एकाच नावाखाली दोन वेगवेगळ्या गोष्टी नांदतात. पहिली झोपेतील. तीत झोप क्षणभर चाळवते, हृदयाची गती किंचित वाढते, आणि पाठोपाठ जबड्याचे स्नायू सेकंदाला सुमारे एक या तालाने आकुंचन पावू लागतात. दातावर दात घासला जाऊन कराकरा आवाज होतो. तो झोपलेल्यास ऐकू येत नाही. शेजारी निजलेल्यास ऐकू येतो. दुसरी गोष्ट जागेपणीची. हिशेबाचा ताळा लागत नसताना, गिर्‍हाईकाशी वाद चालू असताना किंवा वाहन चालविताना मनुष्य नकळत जबडा घट्ट आवळून बसतो. येथे आवाज नसतो, म्हणून ती घरच्यांच्याही ध्यानात येत नाही.

दोहोंची कारणे सर्वस्वी एक नाहीत आणि उपचारही एक नाहीत. हा भेद न केल्यामुळे पुष्कळांचा पैसा व वेळ वाया जातो. प्रौढांपैकी सुमारे दहांत एकास झोपेत दात खाण्याची सवय असते, आणि जागेपणी जबडा आवळणार्‍यांची संख्या त्याहूनही अधिक आहे, असे निरनिराळ्या देशांतील पाहण्यांवरून दिसते.

कारणांविषयी जुने व नवे मत

दातांची ठेवण वेडीवाकडी असल्यामुळे मनुष्य दात खातो, असे मत पूर्वी रूढ होते. १९६१ साली अमेरिकेतील रामफिओर्ड या दंतशास्त्रज्ञाने या मतास मोठा आधार दिला, आणि दात घासून त्यांची उंची जुळविण्याचा उपचार सर्वत्र प्रचलित झाला. पुढील संशोधनाने हे मत मागे पडले. काहींच्या दातांवर मुद्दाम उंच कॅप बसवून पाहिले असता, त्यांचे दात खाणे वाढले नाही. झोपेतील दात खाण्याचा उगम दातांत नसून मेंदूत आहे, असे आता मानले जाते. २०१८ साली निरनिराळ्या देशांच्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन असाही निर्वाळा दिला की, अन्यथा निरोगी असलेल्या मनुष्यात ही क्रिया स्वतः रोग नव्हे. मात्र तिच्यापासून दातांस, स्नायूंस व सांध्यास अपाय होऊ शकतो.

या क्रियेस चालना देणार्‍या गोष्टी पुष्कळ आहेत. मनावरील ताण व काळजी ही त्यांत प्रमुख. तंबाखू व मद्य यांच्याशी तिचा संबंध स्पष्ट आहे. चहा-कॉफीचे अतिसेवनही बाधते. मनाच्या औदासीन्यावर दिल्या जाणार्‍या फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन यांसारख्या काही औषधांनी ती सुरू होते किंवा वाढते. पित्त घशाशी येणे व झोपेत घोरताना श्वास अडणे हे विकारही तिच्या जोडीने आढळतात. काही कुटुंबांत ती आनुवंशिकही असते.

ओळखावे कसे?

सकाळी उठताच जबडा दमलेला किंवा आखडलेला वाटणे, कानशिले दुखणे, थंड पाण्याने दात शिवशिवणे, पुढील दातांच्या कडा सपाट होणे, भरलेले सिमेंट वारंवार निघणे, जिभेच्या कडेवर दातांचे ठसे उमटणे, गालाचा स्नायू जाड होणे ही मुख्य लक्षणे होत. शिवशिवणार्‍या दातास सुश्रुतसंहितेत ‘दंतहर्ष’ व जबड्याचा सांधा निखळण्यास ‘हनुमोक्ष’ म्हटले आहे. म्हणजे या तक्रारी आपल्या वैद्यांस फार पूर्वीपासून परिचित होत्या. परंतु केवळ दात झिजलेले दिसले म्हणून ही सवय आजही चालू आहे असे ठरत नाही. वारंवार पित्त उलटून येणे व आंबट पेये यांनीही दात झिजतात. म्हणून दंतवैद्याने रोग्याची हकीकत विचारणे व शक्य असल्यास घरच्यांचीही साक्ष घेणे आवश्यक आहे.

येथे दोन इशारे देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. जखम झाल्यानंतर काही दिवसांनी तोंड उघडेनासे झाले तर ती दातखीळ धनुर्वाताची असू शकते. तसेच चालताना किंवा श्रम करताना जबडा दुखणे, त्याबरोबर छाती दडपणे व घाम येणे ही हृदयविकाराची खूण असू शकते. अशा वेळी दंतवैद्याकडे न जाता विनाविलंब रुग्णालय गाठावे.

उपचारांचा क्रम

उपचार निवडताना एक नियम पाळावा. जो उपचार मागे घेता येतो तो आधी. जो मागे घेता येत नाही तो सर्वांत शेवटी, आणि तोही दुसर्‍या तज्ज्ञाचा सल्ला घेतल्यावर.

पहिला उपचार बिनखर्चाचा आहे. मनुष्य स्वस्थ असताना ओठ मिटलेले व दात एकमेकांपासून दोन-चार मिलिमीटर दूर असावेत, ही निसर्गाची योजना आहे. दिवसाच्या चोवीस तासांत, चावणे व गिळणे धरूनही, दातांना दात लागण्याचा एकूण काळ अर्ध्या तासाहूनही कमी असावयास हवा. ‘न’ हे अक्षर उच्चारताना जीभ जेथे टेकते तेथे ती ठेवावी. दात आपोआप सुटे होतात. गल्ल्यावर, वहीच्या पुठ्ठ्यावर किंवा भ्रमणध्वनीवर एक रंगीत ठिपका लावावा आणि तो दिसताच ‘दात लागले आहेत काय?’ असे स्वतःस विचारावे. जागेपणी जबडा आवळणार्‍यांस या साध्या उपायाचा पुष्कळ उपयोग होतो. जे सभासद नित्य सामायिक करतात, त्यांस अठ्ठेचाळीस मिनिटे स्थिर बसण्याचा सराव असतोच. त्या वेळी जबडाही सैल आहे ना, एवढे पाहिले म्हणजे झाले.

दुखर्‍या स्नायूंस दहा-पंधरा मिनिटे ऊनऊन शेक द्यावा, बोटांनी हलके चोळावे व काही दिवस मऊ अन्न घ्यावे. सुपारी व चिंगम सोडावे. जेवणानंतर सुपारीचे खांड तासभर चघळणे हा आपल्या माळव्यातील जुना परिपाठ. परंतु ज्या स्नायूस विश्रांती हवी त्यासच ते कामास जुंपते. सायंकाळनंतर चहा टाळावा. सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा आपल्याकडील नियम पाळणार्‍यांस येथे आयताच लाभ होतो. भोजन व निद्रा यांत अंतर पडले की पित्त वर येण्याचे प्रमाण कमी होते.

दुसरा उपचार म्हणजे रात्री दातांवर बसविण्याची पट्टी, जीस ‘नाईट गार्ड’ म्हणतात. दंतवैद्याने माप घेऊन तयार केलेली, दातांची संपूर्ण ओळ झाकणारी कठीण अ‍ॅक्रिलिकची पट्टी उत्तम. बाजारात मिळणार्‍या, गरम पाण्यात मऊ करून बसविण्याच्या पट्ट्या लवकर झिजतात व काहींचे आवळणे त्यांमुळे वाढते. केवळ काहीच दात झाकणारी पट्टी दीर्घकाळ वापरल्यास दात जागेवरून सरकण्याचा धोका असतो. पट्टी गार पाण्याने धुवावी. कढत पाण्याने तिचा आकार बिघडतो. मात्र एक गोष्ट स्पष्ट समजून घ्यावी : पट्टी ही ढाल आहे, औषध नव्हे. ती दातांची झीज थांबविते. दात खाणे बंद होईलच असे नाही.

जो मोठ्याने घोरतो, झोपेत ज्याचा श्वास अडतो व दिवसा ज्यास पेंग येते, त्याने पट्टी करविण्यापूर्वी झोपेची तपासणी करवून घ्यावी. अशांपैकी काहींच्या श्वासाचा अडथळा साध्या पट्टीने वाढल्याचे आढळले आहे. त्यांच्या बाबतीत मूळ श्वासविकाराचाच उपचार केला पाहिजे. त्याकडे दुर्लक्ष केल्यास रक्तदाब व हृदय यांवर परिणाम होतो.

तिसरा उपचार औषधांचा. झोपेतील दात खाणे कायमचे बंद करील असे खात्रीचे औषध आजमितीस नाही. झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने मुळीच घेऊ नयेत. मानसिक विकारावरील औषधामुळे ही तक्रार सुरू झाली असेल तर ते आपण होऊन बंद न करता वैद्यास सांगावे. मात्रा किंवा औषध बदलता येते. गालाच्या स्नायूंत बोटुलिनम विषद्रव्याचे इंजेक्शन देण्याचा प्रघात अलीकडे वाढला आहे. त्याने स्नायूचा जोर तीन-चार महिने कमी होतो, वेदनाही काहींच्या कमी होतात. परंतु मेंदूतील मूळ क्रिया चालूच राहते, आणि वरचेवर घेतल्यास स्नायू कृश होतात. खर्चही दर खेपेस नव्याने करावा लागतो. तेव्हा इतर उपाय थकल्यावरच त्याचा विचार करावा.

अखेरचा वर्ग मागे न घेता येणार्‍या उपचारांचा : दात घासून उंची जुळविणे, सर्व दातांवर कॅप बसविणे इत्यादी. दात तडकला असेल किंवा फार झिजला असेल तर त्यापुरती कॅप अवश्य बसवावी. परंतु केवळ दात खाणे थांबावे म्हणून निरोगी दात घासू देऊ नयेत. कानशिलाचे किंवा जबड्याचे दुखणे दाढेचे समजून चांगली दाढ काढून टाकण्याची घाईही करू नये. दाढ गेली तरी दुखणे राहते, आणि दाढ मात्र परत येत नाही.

मुलांविषयी

मूल झोपेत दात खाऊ लागले की पोटात जंत झाले, असे आपल्याकडे समजतात. जंतांचे औषध मुलांस वेळोवेळी द्यावे हे योग्यच. परंतु केवळ दात खाण्यावरून जंतांचे निदान होत नाही. मुलांत ही सवय मोठ्यांपेक्षा अधिक आढळते व वय वाढते तशी बहुधा आपोआप जाते. मात्र मूल घोरत असेल किंवा तोंडाने श्वास घेत असेल, तर टॉन्सिल व नाकामागील गाठी यांची तपासणी करावी. त्यास रागावू नये. झोपेतील क्रियेवर त्याचा ताबा नसतो.

धार व देवास येथील सभासदांस दंतवैद्य गावातच उपलब्ध आहेत. अधिक तपासणीची गरज पडल्यास इंदूर जवळ असून तेथील शासकीय दंत महाविद्यालयात जाता येते. जाताना आपली सर्व औषधे, जुनी चित्रे व घरच्यांनी पाहिलेली लक्षणे लिहून न्यावीत. आणि वैद्यास पुढील तीन प्रश्न अवश्य विचारावेत : माझा विकार झोपेतील की जागेपणीचा? हा उपचार दातांचे रक्षण करील की मूळ सवय घालवील? तो नको झाल्यास मागे घेता येईल काय? कोणताही सौदा करण्यापूर्वी आपण मालाची इतकी चौकशी करतोच. स्वतःच्या दातांविषयी तीत कसूर होऊ नये, एवढीच सर्व सभासद बंधुभगिनींस आमची विनंती आहे.