'ण', 'ळ' आणि इंग्रजी

धुळे-जळगावकडचा नोकरी करून शिकणारा प्रौढ विद्यार्थी इंग्रजीच्या वर्गात तोंड उघडायला भितो. ही भीती इंग्रजीची नव्हे, ती मराठीच्या तासाला बसलेली आहे. 'पाणी'ला 'पानी', 'डोळा'ला 'डोया' म्हटले की वर्ग हसतो. आमच्या वेळीही हसत असे.

म्हणून मी पहिल्याच दिवशी सांगतो : इंग्रजीत 'ण' नाही, 'ळ'ही नाही. ज्या अक्षरांवरून तुमची जात हुडकली गेली, त्यांचे तिथे कामच पडत नाही. खरी अडचण 'व'ची. इंग्रजीत 'व' दोन. 'व्हाइन' म्हणजे वेल. तिथे वरचे दात खालच्या ओठाला लागतात. 'वाइन' म्हणजे दारू; तिथे ओठांचा चंबू होतो, दात लागत नाहीत. मराठीचा 'व' या दोहोंच्या मधला. तेव्हा हा भेद सदाशिव पेठेलाही मुद्दाम शिकावाच लागतो!

व्याकरणात 'भाकर खाल्ली', 'आंबा खाल्ला' असे आपले क्रियापद कर्मामागे फिरते; इंग्रजीत दोन्हीकडे 'एट'. हे सोपे. घाम काढतात ती 'अ' आणि 'द' ही उपपदे, कारण मराठीत ती नाहीतच. ऐकणाऱ्याला वस्तू नवी असेल तर 'अ', ठाऊक असेल तर 'द', एवढे धरून बोलायला लागावे. सावित्रीबाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिकायला सांगितले, ते उच्चार आधी धुऊन या म्हणून नव्हे.

बोलणाऱ्याला मी मध्येच तोडत नाही. चुका तासाच्या शेवटी फळ्यावर लिहितो, कुणाचे नाव न घेता.