जखम का भरत नाही?

पायात धसकट शिरले तर आपल्याकडचा शेतकरी ते उपटून फेकतो आणि पुन्हा कामाला लागतो. लातूरकडच्या एका मामांना तर ते शिरल्याचे कळलेच नव्हते. मधुमेहाने तळपाय बधिर झालेला. आठवड्याने सुजलेला पाय घेऊन ते नांदेडला माझ्याकडे आले, तेव्हा रक्तातली साखर ३४० आणि पांढऱ्या पेशी १६ हजार होत्या. मुलाने रिपोर्ट आधीच वाचला होता. मामा म्हणाले, ‘‘पेशी तर वाढल्यात की डॉक्टरसाहेब, मग जखम का भरंना?’’

प्रश्न बिनतोड होता. एरवी या पेशी चार ते अकरा हजार असतात, जंतू शिरले की वाढतात. पण मोजणीत त्यांची संख्या कळते, काम कळत नाही.

मी त्यांना गावच्या विहिरीची आठवण दिली. ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल पावडर टाकते. पाण्यात तिच्यापासून हायपोक्लोरस आम्ल तयार होते आणि जंतू मरतात. न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी नेमके हेच आम्ल आपल्या पोटात बनवते! तिने जंतू गिळला की तिच्यातल्या एका विकरामुळे, म्हणजे एन्झाइममुळे, प्राणवायूपासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. मग मायलोपेरॉक्सिडेज हे दुसरे विकर त्यात क्लोराइड मिळवून आम्ल करते. (पुवाला हिरवट छटा येते ती या विकराची.)

पहिल्या विकराला एनएडीपीएच नावाचे इंधन लागते. साखर सतत चढलेली राहिली की ती पेशीत शिरते आणि तिचे सॉर्बिटॉल होताना हेच इंधन खर्ची पडते. पेशी भरपूर, मारा मात्र कमी. २०२१ मध्ये कोरोनानंतर म्युकरमायकोसिसची बुरशी महाराष्ट्रात कित्येकांच्या नाका-डोळ्यांत पसरली. त्यात बेताबाहेर साखर असलेले रुग्ण फार होते, शिवाय स्टेरॉइडची भर पडली होती.

दिलासा एवढाच, की न्यूट्रोफिल अल्पायुषी असतात. अस्थिमज्जा रोज सुमारे शंभर अब्ज नव्या पेशी घडवते. साखर उतरली की या नव्या पेशींचे बळ बऱ्याच अंशी परत येते.

विकरांची तपासणी रोजच्या दवाखान्यात होत नाही, तिची गरजही नाही. एचबीए१सी पुरते, त्यातून साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर समजते. बहुतेकांनी ते सातच्या आत ठेवावे.

मामांचे एक बोट काढावे लागले, पाय वाचला. इन्सुलिनला त्यांनी बरीच कुरकुर केली, पण तीन महिन्यांत एचबीए१सी अकरावरून साडेसातवर आले. हल्ली नातू रोज रात्री बॅटरी घेऊन आजोबांचे तळपाय तपासतो.