पायातली शीर आणि गाडीचा भोंगा

मळवली स्टेशनात लोकल थांबते. डेक्कन क्वीन थांबत नाही. अशी न थांबणारी गाडी भोंगा वाजवीत जाते, तेव्हा नीट ऐका. गाडी जवळ येत असते तोवर आवाज बारीक, चढा असतो. पुढे गेली की तोच आवाज जाड होतो. ड्रायव्हरने भोंगा बदललेला नसतो. गाडी येते की जाते, एवढ्यानेच हा फरक पडतो. डॉप्लर नावाच्या ऑस्ट्रियातल्या शास्त्रज्ञाने १८४२ साली हे सूत्र मांडले. तो बोलत होता ताऱ्यांच्या उजेडाविषयी. आज ते आपल्या पायांच्या कामी येते. कसे ते पाहू.

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक मावशी येतात. जन्म भातलावणीत गेला. डाव्या पोटरीवर शिरा दोरासारख्या फुगून वळल्या होत्या. घोट्याजवळ जखम झाली. सात महिने मलम लावले, पाला बांधला. जखम काही भरेना. "नशीब माझं, दुसरं काय!" म्हणायच्या. नशिबाचा इथे काय संबंध? खोट होती शिरेतल्या झडपेत.

विहिरीवरच्या पंपाला खाली फूट-व्हॉल्व असतो. चढलेले पाणी तो परत उतरू देत नाही. पायाच्या शिरांतही अशाच नाजूक झडपा असतात. चालताना पोटरी आवळते, रक्त वर चढते, झडप मिटते. झडप मिटेनाशी झाली की रक्त खाली उतरते आणि तिथेच तुंबते. मग शीर फुगते, कातडी काळी पडते, खाज सुटते, शेवटी जखम होते. काही घरांत हा दोष पिढीजात असतो. बाळंतपणे आणि तासन् तास उभे राहणे यांनी तो वाढतो.

डॉक्टरांनी पायाची सोनोग्राफी सांगितली. मावशी लाजल्या. "अहो बाई, या वयात मला कशाला ती!" सोनोग्राफी म्हणजे पोटातले बाळ पाहणे, एवढेच आपल्याला ठाऊक!

पुण्याला त्यांना उभे करून तपासले. भार दुसऱ्या पायावर. जांघेपासून घोट्यापर्यंत गार मलम लावून यंत्राची मूठ फिरवली. तिच्यातून आपल्याला ऐकू न येणारा आवाज आत जातो आणि रक्तावर आपटून परततो. रक्त मुठीकडे येत असेल तर चढा, दूर जात असेल तर उतरता. अगदी त्या भोंग्यासारखा! यंत्र त्यावरून तांबडा-निळा रंग दाखवते. डॉक्टर पोटरी दाबतात आणि सोडतात. चांगली झडप लगेच मिटते. अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ रक्त उलटे वाहिले, तर या वरच्या शिरेची झडप बिघडली असे धरतात. सुई नाही, दुखणे नाही. खोलवरच्या शिरा मोकळ्या आहेत ना, तेही दिसते. ते पाहिल्यावाचून वरची शीर बंद करू नये.

मावशींची जखम घोट्याला, आणि बिघडलेली झडप निघाली जांघेत! मलमाने ती कशी मिटणार? ती शीर आतून उष्णता देऊन बंद केली. रक्त दुसऱ्या शिरांनी जाऊ लागले. जखम भरायला पुढे दोन महिने लागले. डॉक्टर सांगतील तसा पट्टा बांधावा लागला. मनाने घट्ट पट्टा मात्र बांधू नका बरे. पायाला रक्त कमी पोचत असेल तर तो घातक ठरतो.

फुगलेली शीर फुटली तर घाबरू नका. आडवे व्हा, पाय उंच धरा, स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून ठेवा, आणि दवाखाना गाठा. एकच पाय एकाएकी सुजून दुखू लागला, तर त्याच दिवशी जा. आत रक्ताची गुठळी असू शकते.